चढावर पुढची चाकं हलकी पडतात? आधी हौद्यात बघा, मग फिटरकडे जा

मृग लागला, खत-बियाणं डोंगरात चढायला लागलं की मला ठरलेला फोन येतो. "भाऊ, सपाटीला गाडी लोण्यासारखी चालते. कच्चा चढ लागला की स्टीअरिंग ऐकतच नाही. अलाइनमेंट दोनदा केली, पुढचे टायर नवे टाकले. फिटर म्हणतो, आता स्टीअरिंग बॉक्स उघडू. काय करू?"

उघडू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नका. सपाटीला चांगली आणि चढावर वाईट, रिकामी चांगली आणि भरली की वाईट, अशी तक्रार असेल तर दहातल्या आठ वेळा दोष गाडीत नसतो, भरण्यात असतो.

मी नंदुरबार जिल्ह्यात, तळोदा-शहादा भागात फोर बाय फोर पिकअप चालवतो. पावसाळ्याच्या तोंडाशी युरिया, बियाणं, पाइप, पत्रे वर धडगाव-मोलगीकडे, आणि उन्हाळ्यात तिकडून आमचूर, मोहाची फुलं खाली. डांबर संपलं की पुढे मुरूम, सुटे दगड, पावसाने कापलेल्या चाकोऱ्या. फोर बाय फोर त्यासाठीच घेतली. पण चार चाकं फिरतात म्हणजे चारही चाकं जमिनीला धरून आहेत असं नाही, हे कळायला मला एक वळण लागलं.

चांदसैली घाट चढून गेल्यावर एका पाड्याकडे कच्चा फाटा जातो. हौद्यात युरियाच्या २० गोण्या. युरियाची गोणी ४५ किलोची, म्हणजे ९०० किलो. पहिला मुक्काम गोण्यांचाच होता, म्हणून उतरवायला सोपं जावं असं डोकं लावून मी सगळ्या गोण्या फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेजवळ लावल्या आणि केबिनच्या बाजूला ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी टाकली. भेंडोळी दिसायला ढीगभर, वजनाला काहीच नाही. वरून वीस फुटी पाइप, शेपटासारखे मागे निघालेले.

चढातच उजवं वळण होतं. मी स्टीअरिंग पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि गाडी सरळ चालली. चाकं वळलेली दिसत होती, मुरमावर खरवडत पुढे सरकत होती, पण गाडी नाकासमोर, दरीकडे. ब्रेक दाबला, थांबली. आमच्या पोऱ्याने उडी टाकून मागच्या चाकांना दगड लावले. बोनेटसमोर साधारण दीड हात जमीन उरली होती. पुढच्या टायरखाली बघितलं तर खडे टायरने दाबलेलेच नव्हते, नुसते बाजूला लोटलेले होते.

घरी आल्यावर आबांना सांगितलं. आबांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली, मोटारीचं लायसन कधी काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "उलाळ भरली होती का रे?"

हा शब्द नव्या ड्रायव्हर पोरांना माहीत नसतो, म्हणून सांगतो. बैलगाडी मागे जड भरली की जू वर उचललं जातं, जुपणीचा दोर बैलाच्या गळ्याला काचतो आणि बैल पुढे ओढायचं सोडून श्वासासाठी धडपडतो. त्या गाडीला उलाळ म्हणतात. बैल मान झटकून तक्रार करतो तरी. पिकअप तक्रार करत नाही, सपाटीला निमूट चालते. पुढची चाकं उचलली गेलीत हे तिने चढाच्या वळणावर पहिल्यांदा सांगितलं.

वजनकाट्यावर काय निघालं

आबांचं म्हणणं पटलं, पण किती उलाळ ते मला आकड्यात बघायचं होतं. पुढच्या खेपेला पुन्हा २० गोण्या होत्या. जूनमध्ये कापसाची जिनिंग बंद असते, तिथला काटेवाला रिकामा बसलेला. त्याला म्हटलं, पैसे प्रत्येक वजनाचे घे, पण मी सांगतो तशी गाडी उभी करू दे.

पद्धत सोपी आहे, तुम्हीही करा. आधी पूर्ण गाडी काट्यावर घ्या. मग फक्त पुढची चाकं काट्यावर आणि मागची बाहेर, जमिनीवर. काटा आणि बाहेरची जमीन एका पातळीत हवी, उतरंड असेल तर आकडा खोटा येतो. पूर्ण वजनातून पुढचं वजा केलं की मागचं निघतं.

माझी रिकामी गाडी १,७०० किलो भरली. पुढच्या चाकांवर ९५०, मागच्यांवर ७५०. त्या दिवशीसारख्याच गोण्या फाळक्याजवळ लावून वजन केलं तर एकूण २,६०० किलो, त्यातले पुढे फक्त ८३० आणि मागे १,७७०. म्हणजे नऊशे किलो माल चढवला आणि पुढची चाकं रिकाम्या गाडीपेक्षा १२० किलोने हलकी झाली!

मग पोऱ्याने आणि मी त्या वीसच्या वीस गोण्या दोन-दोन फूट पुढे सरकवल्या. जूनच्या उन्हात हे काम कसं असतं ते खान्देशातल्या माणसाला सांगायला नको. परत काट्यावर: एकूण २,६०० च, पण पुढे १,०१० आणि मागे १,५९०. माल तेवढाच, गाडी तीच, आणि पुढच्या चाकांवर १८० किलोचा फरक.

गणित शाळेतल्या तरफेचं आहे. गोण्यांच्या वजनाचा मध्य मागच्या चाकांच्या आसाच्या, म्हणजे अ‍ॅक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे होता आणि दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर ३ मीटर. नऊशेला ४० ने गुणा, ३०० ने भागा, उत्तर १२०. काटा बरोबर तेच म्हणाला. मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ठेवलेली प्रत्येक गोणी पुढची चाकं उचलते. अ‍ॅक्सलच्या पुढे ठेवली तर थोडी का होईना, दाबते.

आता यात चढ मिळवा. पाच मीटरला एक मीटर चढणारी वाट आमच्याकडे नवलाची नाही. एवढ्या चढावर माझ्यासारख्या भरलेल्या गाडीचं साधारण दीडशे किलो वजन आपोआप पुढून मागे सरकतं. सपाटीला ८३० असलेली पुढची चाकं चढावर साडेसहाशेच्या जवळ येतात. माल उंच रचला असेल तर आणखी खाली. त्यात एखादी धोंड मागच्या चाकाखाली आली, गाडी उसळली की क्षणभर पुढे काही उरतच नाही. स्टीअरिंग बॉक्स सोन्याचा बसवला तरी हवेतलं चाक गाडी वळवणार कसं?

हौद्यावर पट्टा मारा

मी हौद्याच्या दोन्ही बाजूंना, बरोबर मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावर, पांढऱ्या ऑइल पेंटचा उभा पट्टा मारलाय. हमालाला अ‍ॅक्सल-तरफ काही समजावत बसायचं नाही. जड माल पट्ट्याच्या पुढे, हलका मागे, आणि जड माल खाली, हलका वर. केबिनच्या भिंतीला माल टेकलेला हवा. मध्ये जागा सोडली तर ब्रेकच्या पहिल्या झटक्याला सगळं पुढे धावतं आणि भिंत वाकते.

अडचण येते ती उतरवण्याच्या क्रमाची. आधी उतरवायचा तो माल मागे, हे दुकानदारीचं शहाणपण डोंगरात नडतं. दोन पाड्यांचा जड माल असेल तर एक हौद्याच्या डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही पट्ट्याच्या पुढपर्यंत असं लावता येतं, पण पहिला उतरला की गाडी एका अंगाला कलते. म्हणून अर्धा माल उतरवला की उरलेला मध्यावर आणि पुढे ओढायचा. दहा मिनिटं जातात. घाईत हे टाळणारे बरेच आहेत, मीही टाळलंय. पण कच्च्या वाटेवर असताना टाळत नाही.

वीस फुटी पाइप केबिनवरच्या फ्रेमवर चढवा, पुढे आणि मागे दोन्हीकडे बांधा. नुसते हौद्यात टाकून फाळक्यावरून बाहेर सोडले तर प्रत्येक खड्ड्याला शेपूट हलतं आणि मागच्या बाजूला वजन आपटतं. शिवाय हौद्याबाहेर निघालेला माल कायद्यातही बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला २०,००० रुपये दंड आहे. जादा वजनालाही २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. तुमची गाडी किती उचलते हे शेजाऱ्याला विचारू नका. आरसी बुकात रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन असे दोन आकडे असतात, त्यांची वजाबाकी करा. त्या वजाबाकीत ड्रायव्हर, पोऱ्या आणि जास्तीचं स्टेपनीसुद्धा येतं.

"मग पाटा वाढवून घेऊ?"

हा दुसरा प्रश्न, हटकून येणारा. मागून गाडी बसते, म्हणून कमानीत, म्हणजे मागच्या स्प्रिंगमध्ये, एक-दोन पाटे वाढवायचे. गॅरेजवाले आनंदाने वाढवून देतात. माझं मत विचाराल तर उलाळ भरणाऱ्याने पाटा वाढवणं म्हणजे ताप आलेल्याने थर्मामीटर फोडणं. गाडी मागून बसत होती, ती खूण होती. ती खूण गेली, वजन तिथेच राहिलं. अ‍ॅक्सल, हब, बेअरिंग, टायर जेवढं उचलायला बनलेत तेवढंच उचलतात.

आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. पुष्कळ पिकअपच्या खाली, मागच्या अ‍ॅक्सलजवळ, ब्रेकचा एक वॉल्व असतो. त्याला दांडी जोडलेली असते. गाडी मालाने खाली बसली की दांडी सरकते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होत नाहीत. पाटे वाढवले की भरलेली गाडीसुद्धा खाली बसत नाही. वॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि नऊशे किलो अंगावर घेऊन उतरताना मागचे ब्रेक अर्धवट लागतात. सगळा भार पुढच्यांवर. पुढे "उतारावर ब्रेकला वास येतो" ही तिसरी तक्रार घेऊन हाच माणूस पुन्हा फोन करतो. पाटे वाढवले असतील तर तो वॉल्व नव्याने सेट करून घ्या, किंवा पाटे काढा.

गाडी डुलते

इथे दोन कारणं वेगळी ओळखायला लागतात. वळणावर एकदा कलते आणि कललेलीच राहते, तर माल उंच आहे. आमचूरच्या पोत्यांचं असंच होतं. पोतं हलकं, म्हणून माणूस रचत जातो, केबिनच्या वर दोन थर. एकूण वजन काट्यावर अगदी नियमात बसतं, पण उंची गाडी पाडते. अशी गाडी उतारावर आडवी कधीच घालायची नाही. चढायचं तर सरळ, उतरायचं तर सरळ. तिरक्या वाटेवर वरच्या अंगाचं चाक दगडावर आणि खालच्या अंगाचं चाकोरीत गेलं की संपलं.

दुसरं म्हणजे एकदा डावीकडे, मग उजवीकडे, ब्रेक मारला की थांबल्यावरसुद्धा मागून धक्का. हे पाण्याच्या टाकीचं लक्षण. उन्हाळ्यात हजार लिटरची काळी प्लॅस्टिकची टाकी हौद्यात बांधून पाणी नेणारे पुष्कळ आहेत. हजार लिटर म्हणजे बरोबर एक टन, तेव्हा आधी आरसीची वजाबाकी बघा. टाकी काठोकाठ भरली तर पाणी हलत नाही. रिकामी असेल तर हलायला काही नाही. अर्धी टाकी सगळ्यात वाईट, कारण अर्धा टन पाणी वळणावर एका अंगाला धावतं आणि चढावर मागे. पाड्यावर अर्ध्या टाकीत काम भागलं तर उरलेलं दुसऱ्याच्या हौदात ओता, पण अर्धी घेऊन घाट उतरू नका. कमी पाणी न्यायचं असेल तर छोटे ड्रम पूर्ण भरून न्या.

दोर निघताना घट्ट, पाचव्या किलोमीटरला सैल. यात काही बिघाड नाही. गोण्या खड्ड्यांनी खाली बसतात, नायलॉन ताणतो, भिजला की जास्तच. म्हणून कच्ची वाट सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन किलोमीटरला थांबून दोर पुन्हा ओढायचा, मग प्रत्येक मोठ्या चढाआधी. ताडपत्रीला बांधलेला दोर माल धरत नाही, तो फक्त ताडपत्री धरतो. मालाचे दोर वेगळे, हौद्याच्या चार कोपऱ्यांच्या हुकांना. पत्र्याच्या धारेवरून दोर जात असेल तर मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला.

चढावर अडकलात तर

माल नीट भरूनही कधी गाडी अर्ध्यात दम सोडते. तेव्हा काय करता यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

चाक जागेवर फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर लगेच सोडा. रेटलंत तर चाक खड्डा खणतं, बाकी काही होत नाही. फूटब्रेक दाबून धरा, हँडब्रेकही ओढा. पोऱ्याला उतरवा, पण गाडीच्या बरोबर मागे उभा करू नका, बाजूला, तुम्हाला आरशात दिसेल असा. आता गाडी वळवून नाक खाली करायचा मोह होईल. तिथे तो मरणाचा मोह आहे. चढावर आडवी झालेली भरली गाडी लोळते.

रिव्हर्स टाकायचा. न्यूट्रलमध्ये ब्रेकवर सोडत यायचं नाही, क्लच दाबून तर नाहीच. रिव्हर्स गिअर, लो रेंज (फोर बाय फोरमधली कमी वेगाची, जास्त जोराची जोडणी) असेल तर लो, क्लच पूर्ण सोडलेला, इंजिन गाडी धरतंय, आणि स्टीअरिंग सरळ. ज्या चाकोरीने वर गेलात त्याच चाकोरीने खाली. ब्रेक लागलाच तर अगदी हलका, कारण मागे उतरताना वजन खालच्या, म्हणजे मागच्या चाकांवर असतं आणि पुढची हलकी चाकं लॉक झाली की नाक बाजूला घसरतं. सपाट जागेवर आल्यावर विचार करा. चार गोण्या उतरवून दोन खेपा कराव्यात का? माझं उत्तर जवळजवळ नेहमी हो असतं. दोन खेपांचं डिझेल क्रेनपेक्षा स्वस्त पडतं.

दुसऱ्यांदा चढताना लो रेंज चढाच्या आधी, सपाटीवर टाका. मध्येच गिअर बदलायला गेलात तर त्या एका क्षणात गाडी थांबते. लो मध्ये दुसरा गिअर बहुतेकदा पुरतो, पहिल्यात चाकं जागेवर फिरायची शक्यता जास्त. वेग एकसारखा ठेवा. सिनेमातल्यासारखी दूरवरून धाव घेऊन चढ मारायचा नाही, मागचा माल उसळतो आणि फाळका तुटतो.

ब्रेकचा वास

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे सगळ्यांना माहीत असतं आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारेही आपल्यातलेच असतात. न्यूट्रलमध्ये सगळं वजन ब्रेकच्या लायनरवर येतं. आधी वास, मग पेडल कडक पण गाडी थांबत नाही, मग पेडल थेट फळीला. शेवटची पायरी ब्रेक ऑइल उकळल्याची. हे ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट ३ ऑइल कमीत कमी २०५ अंशांपर्यंत टिकतं, ओल शोषलेल्या ऑइलची हीच मर्यादा १४० वर येते. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ब्रेक दाबला जात नाही. दोन वर्षांत ऑइल बदललं नसेल तर पावसाळ्याआधी बदला, खर्च फार नाही.

वास आला तर कडेला थांबा, चाकांना दगड लावा, अर्धा तास चहा प्या. तापलेल्या ड्रमवर बाटलीभर पाणी ओतणारे घाटात दिसतात. तसं करू नका, गरम ओतीव लोखंड गार पाण्याने तडकतं.

लिव्हर निघत नाही

फोर बाय फोर लिव्हर अडकतो ही तक्रार बहुतेकदा डांबरावर आल्यावर येते. आपल्या बहुतेक पिकअपमध्ये फोर बाय फोर टाकला की पुढचं-मागचं एकत्र जखडतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मुरमावर चाक थोडं घसरून तो फरक काढून टाकतं, कोरड्या डांबरावर घसरता येत नाही आणि सगळा पीळ गिअरमध्ये साठतो. लिव्हरला लाथ मारू नका. स्टीअरिंग सरळ धरून चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, लिव्हर अलगद येतो. आणि पुढच्या वेळी डांबर लागायच्या आधीच काढा. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तर हाच पीळ सरळ रस्त्यावरही साठतो.

काळी माती, नाले, आणि हवा

तापीकाठच्या काळ्या रानात भरली गाडी घालायची असेल तर फोर बाय फोरवर भिस्त ठेवू नका, वापसा येऊ द्या, म्हणजे माती पाय न रुतण्याइतकी सुकू द्या. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते, मग टायर गुळगुळीत भोपळा होतो. पेरणीला जो वापसा लागतो तोच गाडीला. अर्धा दिवस थांबलात तर ट्रॅक्टर बोलवावा लागत नाही.

सातपुड्यातून उतरणारे नाले आपल्या डोक्यावर आभाळ कोरडं असतानाही भरून येतात, कारण पाऊस वर पडलेला असतो. नाल्यावरच्या फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर आधी पायी बघावं असं म्हणतात, पण मी म्हणतो, ज्या पाण्यात पायी उतरायला भीती वाटते त्यात गाडीही नको. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या उचलून नेतं. नाला ओलांडल्यावर हलके ब्रेक दाबत थोडं चाला, लायनर वाळतात. चार-आठ दिवसांनी डिफरन्शियलचं ऑइल बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय.

सुट्या मुरमावर टायरची हवा थोडी कमी केली तर पकड वाढते हे खरं. पण भरलेल्या गाडीत मी चौथ्या हिश्शापेक्षा जास्त काढत नाही, वेग वीसच्या आत ठेवतो आणि डांबराआधी परत भरतो, म्हणून छोटा कॉम्प्रेसर सीटमागे असतो. मे महिन्यात टायर तापून हवा जास्त दाखवतो, ती काढायची नाही. हवा सकाळी, गार टायरची मोजायची.

मालावर माणसं

बाजाराच्या दिवशी वाटेत हात करतात. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर, उन्हाचं चार कोस चालायचं. "दादा, वरच बसतो." नाही म्हणायला जीभ वळत नाही, कबूल. पण मालाच्या गाडीवर माणसं बसवणं कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी गोण्यांच्या वर बसलेली दहा माणसं म्हणजे सगळ्यात उंच जागी ठेवलेले पाच-सहाशे किलो, न बांधलेले. वळणावर ती सगळी एका अंगाला झुकतात, टाकीतल्या पाण्यासारखी. गाडी कलंडली तर खाली माणसं आणि वर माल. मी केबिनमध्ये सीट असतील तेवढीच माणसं घेतो, त्यात म्हातारं आणि लेकुरवाळी आधी. शिव्या खातो.

एवढं करूनही स्टीअरिंग हलकं वाटत असेल, म्हणजे पट्टा मारला, गोण्या पुढे घेतल्या, काट्यावर पुढचं वजन रिकाम्या गाडीपेक्षा कमी नाही हे बघितलं, तर मग खुशाल फिटरकडे जा. पण काट्याच्या पावत्या सोबत न्या. त्या बघितल्यावर तो अलाइनमेंटपासून सुरुवात करत नाही. पुढचं चाक जॅकवर उचलायला लावा, वर-खाली धरून हलवा, मग डावं-उजवं. वर-खाली हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग, डावं-उजवं हललं तर टाय रॉडची टोकं. माझ्या गाडीत त्या चढानंतर एकच गोष्ट सापडली. डाव्या टाय रॉडचं रबर फाटलेलं होतं आणि आत लाल मुरूम गेला होता.